काळजी घेणे आणि काळजी असणे

इंग्रजीत ‘केअरलेस’ आणि ‘अनकेअरिंग’ असे दोन शब्द आहेत. आपल्याकडच्या लहान शब्दकोशांत दोहोंपुढे बहुधा एकच मराठी शब्द सापडतो : निष्काळजी. मुले तो पाठ करतात, परीक्षेत लिहितात, गुण मिळतात आणि विषय संपतो. शब्दकोशकारांचा हा फार मोठा प्रमाद आहे असे मी म्हणणार नाही. पण या दोन शब्दांच्या मधल्या जागेत एक नैतिक प्रश्न दडून बसलेला आहे, आणि सुर्ल्यासारख्या गावात आयुष्य काढलेल्या माणसाला तो टाळता येत नाही.

सुर्ला म्हणजे डिचोली तालुक्यातले. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यात येणाऱ्यांना सत्तरीतले सुर्ला ठाऊक असते, ते वेगळे. आमचे सुर्ला पाळी, वेळगे, कुडणे यांच्या शेजारचे, खाणींच्या पट्ट्यातले. खाणींकडे पुढे वळायचेच आहे. आधी शब्दांचे पाहू.

‘केअरलेस मिस्टेक’ असा प्रयोग इंग्रजीत सर्रास होतो. हिशेबात हातचा धरायचा राहिला, पत्त्यावर घरक्रमांक चुकला, दिवा मालवायचा विसरला, या सगळ्या त्या जातीच्या चुका. पण ‘अनकेअरिंग मिस्टेक’ असे कोणी म्हणत नाही. म्हणता येणारही नाही, कारण अनकेअरिंग माणसाच्या हातून जे घडते ती चूक नसतेच. त्याने जे करायचे ठरवले तेच त्याने केलेले असते. फक्त त्या करण्याने दुसऱ्याचे काय होईल, हा विचार त्याच्या ठरवण्यात कुठे नव्हता. पहिल्याचे लक्ष कामावरून उडालेले असते. दुसऱ्याचे लक्ष कामावर असते, माणसावर नसते.

मराठीत विशेषण एक असले तरी क्रियापदांनी हा भेद फार सुंदर सांभाळला आहे. आपण काळजी घेतो, काळजी करतो आणि आपल्याला काळजी असते. घेणे हे हाताचे आणि डोळ्यांचे काम. करणे हे बहुधा रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या होते. आणि असणे? तिच्यासाठी काही करावे लागत नाही, ती असते किंवा नसते. ‘त्याने काळजी घेतली नाही’ आणि ‘त्याला काळजी नाही’ ही दोन वाक्ये कोणत्याही अडाणी म्हातारीसमोर ठेवा. पहिल्याला ती ‘शिकेल हळूहळू’ म्हणेल आणि दुसऱ्याला मान हलवील. ‘त्याला काही पडलेलेच नाही’ हा तर आपला अस्सल वाक्प्रचार. आमच्या कोंकणीतही तो तसाच्या तसा आहे, ‘ताका कांयच पडिल्लें ना’. घ्यायची ती ‘जतनाय’ आणि मनाला लागून राहतो तो ‘हुसको’, असे कोंकणीने तर शब्दच वेगळे ठेवले आहेत. कन्नडमध्ये ‘अजागरूकते’ आणि ‘निर्लक्ष्य’ हे शब्द कामचलाऊ बोलण्यात एकमेकांच्या जागी येतात, पण शब्दांच्या पोटात पाहिले तर एकात जागे नसणे आहे आणि दुसऱ्यात लक्षच न देणे. सीमेवरच्या माणसाला दोन-तीन भाषा येण्याचा हाच काय तो फायदा. एकीने झाकलेले दुसरी उघडे करते.

आणखी एक गंमत. हयगय, हेळसांड हे शब्द आपल्या घरचे वाटतात. पण ज्याला काही पडलेलेच नाही अशा माणसासाठी आपण वापरतो ते बेपर्वा, बेफिकीर, बेदरकार हे शब्द फारसीच्या वाटेने आले. दरबारातून आणि कचेरीतून आले, म्हणा ना. ज्यांच्या दारात अर्ज घेऊन उभे राहावे लागते त्यांच्यासाठीच हे शब्द लोकांना आधी लागले असावेत, असा माझा आपला एक तर्क आहे. भाषापंडितांनी तो मनावर घेऊ नये. इंग्रजी ‘केअर’चे मूळ मात्र पंडितांनीच सांगून ठेवले आहे. जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ दुःख, शोक असा होता. सांभाळणे, जपणे हे अर्थ मागाहून आले. दुसऱ्यासाठी जीव दुखणे हे आधी आणि त्याच्यासाठी हात हलणे हे नंतर. मराठी माणसाला याचे नवल वाटू नये. ‘काळजी’ म्हणताना आपल्याला काळीज आठवतेच.

आता माणसे पाहू. आमच्या वाड्यावर एक काकी होत्या. त्यांच्या घरी दूध उतू गेले नाही असा दिवस विरळा. किल्ल्या हरवायच्या, दुकानातून सुटे पैसे घ्यायचे राहायचे, विहिरीवर कळशी विसरायची. पण कोणाच्या पोराला ताप आला असे कानावर पडले की रात्री नऊ वाजता कंदील घेऊन दारात हजर. हातात काढा, तोही बहुधा भलत्याच बरणीतला. त्यांना निष्काळजी म्हणावे तर कोशाप्रमाणे बरोबर आणि माणूस म्हणून साफ खोटे. त्यांच्या हातून कधी कोणाचे नुकसान झाले नाही असे नाही; झाले की त्या स्वतः येऊन रडत आणि भरून देत. अशा माणसावर आपण रागावतो, पण त्याच्यावाचून आपले अडते.

याच्या उलट टोकाचा माणूस कसा असतो? आपली समजूत अशी की, ज्याला दुसऱ्याची काळजी नाही तो गबाळा, बेजबाबदार, वेळ न पाळणारा असणार. ही समजूतच मुळात चुकीची आहे, आणि ती आमच्या भागातल्या खाणींनी खोटी पाडली. खाणीच्या कचेरीइतकी काळजीपूर्वक चालणारी कचेरी मी दुसरी पाहिली नाही. खनिजात लोखंड किती टक्के, हे दशांशापर्यंत मोजले जाई. कोणत्या ट्रकने दिवसात किती खेपा मारल्या, कोणत्या बार्जमध्ये किती टन भरले, भरतीची वेळ कोणती, बंदरावर बोट कधी लागते, यांत मिनिटाची आणि किलोची चूक होत नसे. हयगय हा शब्द त्या कचेरीला लावणे म्हणजे अन्याय ठरेल. आणि तरीही दर मृगाच्या पावसाबरोबर डोंगराएवढ्या डंपाची लाल माती ओहोळात उतरे, ओहोळातून शेतात येई आणि सरद पिकाचा तरवा तिच्याखाली गुदमरून जाई.

डंप म्हणजे काय ते कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. एक टन खनिज काढायचे तर साधारण अडीच ते तीन टन माती-दगड बाजूला काढावे लागतात. ते रचले की डोंगर होतो. २०१०–११ साली गोव्यातून ५ कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेले. बाजूला किती रचले गेले असेल त्याचा हिशेब वाचकांनीच करावा. आमच्याकडे पाऊस शंभर इंचांच्या वर पडतो. उभ्या उताराची सुटी माती आणि असा पाऊस यांची गाठ पडली की काय होते, हे सांगायला भूगर्भशास्त्रज्ञ लागत नाही.

पहिल्या वर्षी माती शेतात आली तेव्हा ती हयगय होती असे मी मानायला तयार आहे. बांध नीट घातला नसेल, गाळ अडवायचा खड्डा लहान पडला असेल, पाऊस अंदाजापेक्षा जास्त झाला असेल. दुसऱ्या वर्षी आली तेव्हाही, ओढून ताणून, हयगयच म्हणू. पण दहाव्या वर्षी? तेव्हा ती येणार हे सर्वांना ठाऊक असते. पंचांगात मृग लिहिलेला असतो, तशीच ती कचेरीच्या वहीतही लिहिलेली असते. आणि ती लिहिलेली असते याचा पुरावा म्हणजे नुकसानभरपाई.

या नुकसानभरपाईविषयी थोडे थांबून लिहायला हवे. खाणपट्ट्यात अनेक गावांत गाळाने भरलेल्या शेतांसाठी शेतकऱ्यांना वर्षाला ठरावीक रक्कम दिली जाई. यादी नीट टंकलिखित केलेली, क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, सहीची जागा खुणेने दाखवलेली. रक्कम वेळेवर मिळे. जत्रेची देणगी चुकत नसे, मुलांना वह्या मिळत, कोणी आजारी पडला तर गाडीही मिळे. म्हणजे बेपर्वा माणूस उदार असू शकतो, इतकेच नव्हे, तो अतिशय नियमित असू शकतो. भरपाईची रक्कम खर्चात आगाऊ धरलेली असते, याचा अर्थ शेत बुडणे हेही खर्चात आगाऊ धरलेले असते. निष्काळजी माणूस भरपाई देतो तेव्हा त्यात ‘पुन्हा होणार नाही’ हे शब्द गृहीत असतात. इथे मात्र ‘पुढल्या वर्षी याच तारखेला या’ असे गृहीत होते.

आमच्या शेजारच्या एका वृद्ध शेतकऱ्याने एके वर्षी ती रक्कम घेतली नाही. कारकून चांगला होता, त्याने समजावले. म्हातारा म्हणाला, “पयशे तुमचेकडेन दवरात. एक फावट पावसांत येवन पळयात.” पैसे राहू द्या, एकदा पावसात येऊन पाहा. यात नुसता मानीपणा होता असे पुष्कळांना वाटले, आणि घरच्यांनी पुढच्या वर्षी रक्कम घेतलीही. मला मात्र त्या वाक्यात या सबंध विषयाचा गाभा दिसतो. त्याला पैसे नको होते असे नव्हे; पण पैसे ही काळजी घेण्याची किंमत होती आणि तो काळजी असण्याची मागणी करत होता. जी वस्तू यादीत बसत नाही ती त्याने यादीच्या कारकुनाकडे मागितली. कोणीतरी बांधावर यावे, चिखलात पाय घालावा, तरव्याचा शेंडा लाल पाण्याच्या वर दोन बोटे उरलेला पाहावा. पाहून कदाचित काहीच झाले नसते. तरी तो पाहण्याला मोल देत होता.

कायद्याने या दोन गोष्टींत भेद करायचा प्रयत्न केला आहे, पण तो त्याला पुरता जमलेला नाही. भारतीय दंड संहिता १८६० साली झाली तेव्हा हयगयीने मृत्यू घडवण्याचे वेगळे कलम तिच्यात नव्हते. ३०४ अ हे कलम १८७० साली घातले गेले. ‘अविचाराने किंवा हयगयीने’ असे दोन शब्द त्यात एकत्र बांधलेले होते. १८८१ साली अलाहाबाद उच्च न्यायालयात इदू बेगच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेट यांनी त्यांची फोड केली. धोका आहे हे कळत असून तो पत्करणे हा अविचार, आणि जी दक्षता घ्यायला हवी होती ती न घेणे ही हयगय. फोड नेमकी आहे, अजून तिचा आधार घेतला जातो. पण शिक्षा दोहोंना एकच, जास्तीत जास्त २ वर्षे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेच कलम १०६ झाले आणि मर्यादा ५ वर्षांवर गेली. जोडी मात्र एकाच कलमात राहिली.

याची सर्वांत मोठी परीक्षा भोपाळला झाली. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री कारखान्यातून वायू सुटला. तो थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंद ठेवलेली होती. यंत्रणा बंद ‘राहणे’ आणि बंद ‘ठेवणे’ यांत आपली भाषा फरक करते, आणि न्यायालयापुढे वाद होता तो जवळजवळ याच फरकाचा. परिणामाची जाणीव असून केलेले कृत्य म्हणून आरोप ठेवला गेला होता. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो खाली आणून ३०४ अ वर, म्हणजे हयगयीवर ठेवला. ७ जून २०१० रोजी सात भारतीय अधिकाऱ्यांना २ वर्षांची शिक्षा झाली. निकाल ऐकून लोक संतापले ते नुसत्या वर्षांच्या आकड्यावर नव्हे असे मला वाटते. एवढ्या मरणांना ‘चुकून झाले’ या जातीचा शब्द मिळाला, हे त्यांना सोसेना.

इथे एक आक्षेप आहे, आणि तो हलका नाही. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगताना ‘दक्ष’ आणि ‘उदासीन’ हे शब्द अगदी शेजारी शेजारी येतात. काम नेटके आणि मन अलिप्त, हाच जर आदर्श असेल तर मी ज्या कचेरीचे वर्णन केले तिला नावे का ठेवायची? घरी पोथी वाचली जाते तिथे हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे, कधी थट्टेने, कधी खरोखरच्या पेचातून. माझे उत्तर असे की, ती यादी ‘उदासीन’ या शब्दापासून सुरू होत नाही. तिच्या आरंभी ‘मैत्र’ आणि ‘करुण’ हे शब्द आहेत. ज्याच्याजवळ ते आधी आहेत त्याने आपल्या लाभाविषयी उदासीन व्हावे, असा तो क्रम. लाभाविषयी अत्यंत जागरूक आणि शेजाऱ्याच्या शेताविषयी उदासीन, हा क्रम गीतेचा नाही. तो ताळेबंदाचा आहे.

पण सगळे खाणमालकांच्या माथी मारून हातावर पाणी सोडणेही बरे नव्हे. आमच्या तालुक्यात शेकडो घरांनी बँकेचे कर्ज काढून ट्रक घेतले. ट्रकची पूजा होई, दसऱ्याला झेंडूच्या माळा चढत, काच रोज पुसली जाई. त्याच ट्रकवर ताडपत्री मात्र तपासणीच्या नाक्यापुरती. धूळ ज्या घरांवर बसे ती आपलीच घरे. जे शेत भरपाईच्या यादीत गेले त्याचा बांध पुढे कोणी घालेना. मानशीची फळी कुजली तरी कोणी बघेना, कारण रक्कम शेत बुडालेले असण्याबद्दल मिळत होती. पैसा वाईट म्हणून असे झाले नाही. दुसऱ्याची बेपर्वाई वर्षानुवर्षे नियमाने पोसली की, जिच्यावर ती चालते त्या माणसालाही आपल्या जमिनीचे काही पडेनासे होते. गाळापेक्षा हे नुकसान मोठे, आणि त्याची यादी करणारा कारकून कुठल्याच कचेरीत नाही.

सुर्ल्यापासून जवळच्याच सोनशीत याच्या उलट घडले. दिवसभर गावातून जाणारे ट्रक, धूळ आणि पिण्याच्या पाण्याची वानवा यांना कंटाळून तिथल्या लोकांनी २०१७ च्या एप्रिलमध्ये रस्ता अडवला. ४५ जणांना अटक झाली. रस्ता अडवणे बेकायदा होते, हे खरेच. पण त्या ४५ जणांना आपल्या पोरांच्या श्वासाचे पडलेले होते, हेही तितकेच खरे. व्यवस्था त्या दिवशी अत्यंत तत्पर होती. निष्काळजीपणाचा आरोप तिच्यावर कोणी करू शकणार नाही.

पुढचे सर्वांना माहीत आहे. न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत आला, त्याच महिन्यात राज्य सरकारने आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. २१ एप्रिल २०१४ च्या निकालाने पोर्तुगीज काळातल्या जुन्या परवान्यांची मुदत २००७ मध्येच संपली होती असे सांगितले आणि वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ परवान्यांचे नूतनीकरणही रद्द झाले आणि मार्चपासून काम पुन्हा बंद पडले. ट्रकवाल्यांचे हप्ते थकले, दुकाने ओस पडली, बायकांच्या गळ्यातले गेले. खाणी गेल्या म्हणून आनंद झालेला माणूस आमच्या वाड्यावर मला भेटला नाही. माझ्या मनातही तो नव्हता. आता लिलावाने नवे पट्टे दिले गेले आहेत, डिचोलीत २०२४ पासून पुन्हा काम सुरू झाले आहे, आणि अटींचे कागद पूर्वीपेक्षा जाड आहेत. दक्षता वाढली आहे, यात शंका नाही.

मला मात्र मधल्या बंदीच्या वर्षांचा पावसाळा विसरता येत नाही. यंत्रे थांबलेली, कचेऱ्यांना कुलपे, रस्त्यावर एक ट्रक नाही. आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ओहोळाचे पाणी पूर्वीसारखेच लाल. डंप होते तिथेच होते. हयगय करायला कामावर कोणी माणूसच नव्हता. शेतकरी अर्ज घेऊन गेले. एका खात्याने दुसऱ्याकडे पाठवले, दुसऱ्याने, बंद खाणीचा प्रश्न आपल्या कक्षेत येत नाही असे सांगितले. दोन्हीकडे अर्जाची पोच मिळाली, तारखेसह आणि शिक्क्यासह. अर्जात नुकसानीचे कारण काय लिहावे यावर आम्ही देवळाच्या मंडपात बराच वेळ घालवला होता. कोणी ‘अतिवृष्टी’ सुचवले, कोणी ‘दुर्लक्ष’. शेवटी ज्याचे अक्षर चांगले त्याने ‘डंपाची माती’ एवढेच लिहिले आणि खाली सगळ्यांनी सह्या केल्या.